पुढचं वाक्य

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकात नट संवाद पाठ करत नाहीत. हंगाम दिवाळीला सुरू होतो. तेव्हापासून उन्हं तापेपर्यंत एकच नट आज एका गावात पोलीस असतो, उद्या दुसऱ्या गावात बायकोला घराबाहेर काढणारा नवरा असतो, आणि तालमीला वेळ नसतो. म्हणून रंगमंचाच्या पुढच्या कडेला, प्रेक्षकांकडे पाठ करून, प्रॉम्प्टर बसतो. तो नाटकाचं प्रत्येक वाक्य वाचतो आणि नट ते त्याच्या मागून, अर्ध्या वाक्याच्या अंतरानं, हावभावांसह म्हणतो. पुढच्या रांगांतल्या लोकांना दोन्ही आवाज ऐकू येतात. त्यांना त्यात काही गैर वाटत नाही.

चंद्रभान तरुणपणापासून हे काम करत होता. पावसाळ्यात लाखांदूरजवळच्या आपल्या गावात धान लावायचा आणि हंगामात वडशाच्या एका नाटक मंडळीबरोबर फिरायचा. त्याचा आवाज मोठा नव्हता. पण कोणत्या नटाला किती आधी वाक्य द्यायचं आणि कोणी रडत असताना किती थांबायचं, हे त्याला नेमकं कळत असे.

त्याची मुलगी खुशबू बी.एस्सी. होऊन बी.एड. झाली होती. शाळा-कॉलेज सगळं मराठीत झालेलं. लाखांदूरच्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत तिसरीसाठी शिक्षिकेची जागा निघाली. घरून जाऊन-येऊन करता येईल अशी दुसरी जागा आसपास नव्हती. ही मिळाली नाही तर जूनमध्ये नागपूरजवळ बुटीबोरीला मावसबहिणीच्या खोलीवर जायचं आणि ती काम करते त्या पॅकिंगच्या कारखान्यात लागायचं, असं घरात ठरलं होतं. खुशबूला शिकवायचं होतं. दुसरं काही करायचं तिनं कधी मनात आणलं नव्हतं.

इंग्रजी ती फोनवर शिकली. फुकट शिकवणाऱ्या वेबसाइट एवढ्या होत्या की कोणती सोडायची हाच प्रश्न होता. तिनं एक धरली. तिथे एक बाई संथ आवाजात वाक्य म्हणायची, मग थोडी जागा सोडायची, आणि त्या जागेत ऐकणाऱ्यानं तेच वाक्य म्हणायचं. खुशबू भाकरी थापताना, भांडी घासताना ते ऐकायची आणि म्हणायची. काही महिन्यांत तिचे उच्चार त्या बाईसारखे झाले. अंगणातून ऐकलं तर घरात दोघी जणी आहेत असं वाटे.

तरी पवनीच्या एका शाळेत मुलाखत झाली तेव्हा तिला बोलता आलं नाही. समोरच्यांनी प्रश्न विचारला आणि ते थांबले. खुशबूही थांबली. नाव, गाव सांगून झाल्यावर तिच्या तोंडून काही निघालं नाही. घरी आल्यावर तिनं आईला सांगितलं, "मले सगळं येत होतं. कोणी आधी म्हणतच नव्हतं."

कौशल्याबाईंना ते समजलं नाही. चंद्रभानला लगेच समजलं.

"कोणी पुढं बोललं तर तुले येते," तो म्हणाला. "मंग बोलणारा लागते, इतकंच."

लाखांदूरच्या शाळेत मुलाखतीच्या ऐवजी एक तास शिकवून दाखवायचा होता. वर्गात खरीखुरी मुलं असणार होती आणि मागच्या बाकावर प्राचार्या आणि संस्थेचे सचिव बसणार होते. शिक्षकांसाठीच्या एका वेबसाइटवर असे तास तयार मिळतात, तेही फुकट. शिक्षकानं काय बोलायचं, मुलं काय बोलतील, कोणती वस्तू केव्हा दाखवायची, सगळं ओळीनं लिहिलेलं. खुशबूनं पिशवीचा तास निवडला. कापडी पिशवीत कंगवा, चमचा, चेंडू, किल्ली टाकायची आणि मुलांनी हात घालून, न बघता ओळखायचं. तिनं तो तास देवनागरीत उतरवून काढला, कारण चंद्रभानला इंग्रजी अक्षरं वाचता येत नव्हती. मावसभाऊ कुलदीपकडून कानात घालायचा बिनतारी इअरबड आणला. शाळेच्या मागं बोडी, म्हणजे लहानसं तळं, होती. तिच्या पाळीवर, बांधावर, बसून चंद्रभाननं फोनवरून वाक्यं द्यायची आणि तिनं ती वर्गात म्हणायची, असं ठरलं.

घरी त्यांनी सराव केला. ती आतल्या खोलीत, तो गोठ्याजवळ. पहिल्या दिवशी वाक्यं उशिरा पोचत होती. नाटकात त्याचा आवाज सरळ हवेतून नटाच्या कानात जायचा. इथे तो फोनमधून टॉवरपर्यंत जाऊन परत येत होता आणि वाटेत वेळ खात होता. चंद्रभाननं तिला स्पीकर लावायला सांगून एकदा टाळी वाजवली, घरातून फोनमधली टाळी ऐकू आली, आणि मधलं अंतर त्यानं मनात धरलं. त्यानंतर तो तेवढा आधी बोलू लागला.

"बाप-लेकीचं नाटक उन्हाळ्यातही बंद नाई," कौशल्याबाई म्हणाल्या. "तिकीट लावा आता."

"तू पडदा वढ," चंद्रभान म्हणाला.

जायच्या दिवशी खुशबूनं केस मोकळे ठेवून कानावर घेतले. एरवी ती घट्ट वेणी घालायची.

"केसायखाली काहून लपवून राहिली?" त्यानं विचारलं. "आम्ही का लपून बसतो?"

"दिसलं तर बरं नाई दिसत, बाबा."

त्याला हे पटलं नाही, पण एसटीची वेळ झाली होती.

एप्रिल असल्यानं शाळा सकाळची होती. बोडीत तळाशी थोडं पाणी उरलं होतं आणि पाळीवर मोहाची झाडं होती. चंद्रभान एका झाडाच्या सावलीत कागद मांडीवर घेऊन बसला. फोन लागलेला होता. आधी त्याला ऑफिसातल्या पंख्याचा आवाज आला, मग खुर्ची सरकल्याचा. तिच्याआधी अड्याळहून आलेली रीता नावाची दुसरी उमेदवार शिकवून गेली होती, एवढं त्याला शिपायाच्या बोलण्यातून कळलं. मग मुलांचा गलका जवळ आला, सगळ्यांनी उभं राहून सुरात नमस्कार केला, आणि बाकं वाजली.

त्यानं पहिलं वाक्य दिलं. "गुड मॉर्निंग, चिल्ड्रन. लुक, आय हॅव अ बॅग."

खुशबूनं ते म्हटलं. तिचा आवाज स्थिर होता.

"व्हॉट इज इन माय बॅग?" त्यानं वाचलं.

ती ते म्हणायच्या आतच वर्गातून आवाज आला, "कोंब!" मग दुसरा, "स्पून!" मग बरेच. बॉल, की. चंद्रभाननं कागदावर बोट ठेवलं होतं ते चार ओळी खाली सरकवलं. हे शब्द तिथे होते, पण ते मुलांच्या वाट्याला बरेच उशिरा यायचे होते. त्यानं पुढचं वाक्य दिलं, "क्लोज युवर आइज." कोणीतरी मुलगी वर्गाच्या मधून नेमकं तेच, त्याच चालीत ओरडली, "क्लोज युवर आइज!" आणि सगळे हसले.

नाटकात असं होतं. एखादा नट भान सुटून दोन पानं पुढं उडी मारतो. अशा वेळी प्रॉम्प्टरनं रागवायचं नसतं, पानं उलटत नट पोचला असेल ती जागा शोधायची असते. चंद्रभाननं पान उलटलं. तिथली वाक्यंही मुलं म्हणत होती. त्यानं शेवटचं पान काढलं. मुलांनी "थँक यू, बाय-बाय, बॅग," असं म्हटलं, तीच कागदावरची शेवटची ओळ होती.

"मॅडम," एक मुलगा मराठीत म्हणाला, "हे झालं आमचं. त्या मघाच्या मॅडमनं शिकवलं. त्याइच्यापाशी पण पिशवी होती."

वेबसाइट फुकट होती आणि रीतालाही ती सापडली होती.

चंद्रभानच्या हातात आता वाचायला काही नव्हतं. सुरुवातीपासून पुन्हा वाचावं असं त्याच्या मनात आलं. पण झालेला प्रवेश लोकांसमोर लगेच परत करता येत नाही. फोनमध्ये पंखा फिरत होता आणि खुशबूचा श्वास ऐकू येत होता. ती वाक्याची वाट बघत होती, हे त्याला त्या श्वासावरून कळलं. त्याच्याजवळ वाक्य नव्हतं. मुलं कुजबुजू लागली. मागच्या बाजूला कोणीतरी खाकरलं.

"ओके," खुशबू म्हणाली.

हे कागदावर नव्हतं.

"ओके. यू..." ती थांबली. "यू आर द टीचर. आय ॲम द स्टुडंट. कम. टेक द बॅग."

"मी?" मघाचीच मुलगी म्हणाली.

"यस. यू. व्हॉट इज युवर नेम?"

"गुड्डी."

"गुड मॉर्निंग, गुड्डी टीचर."

वर्गात हसू फुटलं. पावलं वाजली, बाक सरकलं. गुड्डीनं आवाज जाड करून विचारलं, "व्हॉट इज इन माय बॅग?"

"इज इट..." खुशबू म्हणाली, "इज इट अ स्नेक?"

"नोऽ," सगळा वर्ग.

"इज इट अ कॅट?"

"नो, मॅडम, मांजर पिशवीत राहते का?"

"इन इंग्लिश, प्लीज," खुशबू म्हणाली. तो मुलगा अडखळला, मग म्हणाला, "नो कॅट. कॅट बिग. बॅग स्मॉल." कोणीतरी त्याला टाळी दिली. चंद्रभानला शब्दांचा अर्थ अर्धामुर्धाच लागत होता. पण ती आणि मुलं एकमेकांच्या मागून म्हणत नव्हती, एकमेकांना उत्तर देत होती, एवढं अंतरावरून कळत होतं. तो कागदाची घडी घालायला लागला.

"एक मिनिट." हा मोठ्या बाईचा आवाज होता. "खुशबू, वाकलात तेव्हा दिसलं. कानात काय आहे?"

"इअरबड आहे, मॅडम."

"पलीकडे कोण आहे?"

मग खुशबू म्हणाली, "माझे बाबा. ते नाटकात प्रॉम्प्टर आहेत. चंद्रभान."

"अरे, तो चंद्रभान?" मागून पुरुषाचा आवाज आला. हे सचिव टेकचंदजी, तांदळाच्या गिरणीचे मालक. "मॅडम, मी ओळखतो त्याले. आमच्या गावच्या मंडईच्या जत्रेत दर साली असते तो."

"असेल," प्राचार्या मंजुषा मॅडम म्हणाल्या. "काढा ते. बंद करा आणि फोन माझ्याकडे द्या."

इअरबड डबीत टाकल्याचा टक असा आवाज झाला आणि फोनमधला आवाज एकदम बदलला, पोकळ आणि रुंद झाला. इअरबड डबीत गेला की बोलणं बंद होत नाही, ते फोनवर येतं. खुशबूला हे त्या क्षणी आठवलं नसावं. मंजुषा मॅडमना वाटलं, बंद झालं. आपण काही बोललो तर आवाज त्या खोलीत जाईल, म्हणून चंद्रभान बोलला नाही. फोन कट करायचा, तर त्यानं तोही केला नाही.

"दुसरीच्या वर्गावर आत्ता कोणी शिक्षक नाही," मंजुषा मॅडम म्हणाल्या. "त्या मुलांनी हे ऐकलेलं नाही. तिथं शिकवा. पिशवीतलं सगळं काढून ठेवा."

"मग पिशवीत काय टाकू, मॅडम?"

"ते तुम्ही ठरवा."

मॅडमच्या हातातला फोन त्यांच्याबरोबर निघाला. व्हरांडा, घंटेजवळचा नळ, दुसरं दार. टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. चंद्रभाननं फोन कानाला घट्ट लावला. उन्हानं तो तापला होता.

खुशबूनं दुसरीच्या मुलांना सांगितलं की तिची पिशवी रिकामी आहे. ते तिनं इंग्रजीत सांगितलं, मग पिशवी उलटी करून झटकली असावी, कारण कापड फडफडलं. प्रत्येकानं आपल्याजवळचं काही तरी टाकायचं होतं आणि ओळखणारी ती होती. ती अडखळत होती. कुठे थांबते ते चंद्रभानला नेमकं कळत होतं, कारण त्या प्रत्येक जागी त्याचं स्वतःचं तोंड उघडत होतं. नाटकात नट असा थांबला की मागच्या रांगेपर्यंत लोक वळून बघतात. इथे मुलं थांबत होती आणि तिचा शब्द आल्यावर पुढं जात होती.

खोडरबर झाला, डब्याचं झाकण झालं, कोणाची तरी जुनी राखी झाली.

"इट इज सॉफ्ट," ती म्हणाली. "इट इज... वेट. इट हॅज अ स्मेल. व्हॉट इज इट?"

"मोहफूल," एक बारका आवाज आला. "मॅडम, मोहफुलाले इंग्लिशमधी काय म्हणते?"

तिला ते येत नव्हतं. चंद्रभानला ते तिच्या गप्प राहण्यावरूनच कळलं. त्याच्या भोवती पाळीवर मोहाची फुलं पडली होती, सकाळी वेचायला आलेल्या बायांच्या हातून सुटलेली. त्याचं तोंड पुन्हा उघडलं. पण त्यालाही ते माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी तिच्या कानात आता काही नव्हतं.

"आय डोन्ट नो," खुशबू म्हणाली.

मुलांनी हसायला हवं होतं. कोणी हसलं नाही.

"आय डोन्ट नो," ती पुन्हा म्हणाली, या वेळी सावकाश. "आय विल फाइंड आउट. आय विल टेल यू." मग मराठीत, त्या मुलाला, "शोधून सांगीन तुले." आणि तास पुढं गेला.

नंतर घंटा झाली. मुलं बाहेर पळाली. खुशबूला बाहेर बाकावर बसायला सांगितलं गेलं. फोन टेबलावरच होता. दार लागलं आणि खुर्च्या ओढल्या गेल्या.

"मॅडम, माझं मत विचारान तर पोरगी चांगली हाय," टेकचंदजी म्हणाले. "ते कानातलं सोडून द्या. नाटकवाला माणूस हाय तिचा बाप. त्याले वाटलं, असंच करतात."

"त्यांना वाटलं असेल. तिनं केसांखाली लपवलं होतं. तिला माहीत होतं, असं करत नाहीत."

"मंग नको म्हणता?"

"मी तसं म्हटलं नाही." कप बशीत ठेवल्याचा आवाज आला. "रीताचं इंग्रजी हिच्यापेक्षा स्वच्छ आहे. दोघींनी एकाच जागेवरून धडा आणला. धडा चांगला आहे, फुकट आहे, कोणीही आणावा. मी स्वतः तिथूनच आणते."

"तुम्ही पण?"

"सगळेच. पण रीताचा धडा लवकर संपला, तर ती घंटेची वाट बघत उभी राहिली. मुलं तिच्या मागून छान म्हणत होती. तिच्याशी बोललं कोणी नाही."

"आणि हिले मोहफुलाचं नाव आलं नाई."

"मलाही येत नाही, टेकचंदजी."

टेकचंदजी हसले. मंजुषा मॅडम हसल्या नाहीत, निदान ऐकू आलं नाही.

"दिवाळीपर्यंत घेऊ," त्या म्हणाल्या. "त्यानंतर बघू. वर्गात फोन आणायचा नाही. पुन्हा असं काही दिसलं, तर त्याच दिवशी घरी. हे तिला मीच सांगेन, तुम्ही आधी काही बोलू नका."

"दिवाळीले बाप तसाही वडशाले जाते," टेकचंदजी म्हणाले.

चंद्रभाननं फोन कट केला. कागदाची घडी खिशात घातली. बोडीच्या तळाशी एक म्हैस चिखलात बसली होती, तिच्याकडे तो बघत राहिला.

बऱ्याच वेळानं खुशबू शाळेच्या मागच्या फाटकातून आली. तिनं केस वर घेऊन बांधले होते. एका हातात रिकामी पिशवी होती, दुसऱ्या हातात फोन. तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं, पण त्याला कळायची गरज नव्हती. "दिवाळीपर्यंत घेऊ," हे वाक्य त्याच्याजवळ होतं. आयुष्यभर प्रत्येक वाक्य त्याच्याजवळ आधी आलं होतं आणि ते लगेच पुढं द्यायचं असतं, एवढंच त्याला शिकवलं होतं.

ती जवळ येऊन सावलीत बसली. त्यानं पाण्याची बाटली दिली. ती बराच वेळ पाणी पीत होती.

"त्याइनं इअरबड पाहिला," ती म्हणाली.

"हं."

"मुलांना आधीच येत होतं सगळं."

"हं."

या वेळी ते वाक्य त्यानं पुढं दिलं नाही. तिनं बाटलीचं झाकण लावलं. खाली वाकून एक मोहफूल उचललं, बोटांत दाबलं, वास घेतला. मग फोन उघडून काही तरी लिहिलं. फोनमधली बाई संथ आवाजात एक शब्द बोलली आणि तिनं नेहमीसारखी जागा सोडली. खुशबूनं तो शब्द तिच्या मागून म्हटला नाही. फोन बंद करून पिशवीत टाकला.

"सोपं हाय," ती म्हणाली. "जूनमध्ये शाळा उघडली का सांगीन त्या पोराले."

"कोणत्या पोराले?" काही ऐकलंच नसल्यासारखं चंद्रभाननं विचारलं.